आधी दिशा सांगा, मग काच

ठाण्यातल्या नौपाड्यातून मला जे फोन येतात त्यांत पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "स्क्वेअर फुटाला काय भाव?" मी उलट विचारतो, "हॉलची खिडकी कुठल्या दिशेला आहे?" पुष्कळांना हे चटकन सांगता येत नाही. मग मी विचारतो, संध्याकाळच्या चहाच्या वेळी ऊन सोफ्यावर येतं का? याचं उत्तर घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. येत असेल तर खिडकी पश्चिमेची, आणि तिचा भाव काढण्याआधी मला तिच्यासमोर एकदा दुपारी चारनंतर उभं राहायचं असतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि काचेचे दरवाजे बनवणं हा माझा धंदा. गाळा वागळे इस्टेटमध्ये, घर विष्णूनगरात. वडील सुतार होते. गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, ब्राह्मण सोसायटी या भागात जुन्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच सागवानी चौकटींवरून वडिलांचा रंधा फिरला. त्या इमारती आता एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये मी खिडक्या बसवतो आहे. एकाच पत्त्यावरच्या दोन पिढ्यांच्या खिडक्या मी हाताळल्या आहेत. त्यातून जे दिसलं ते लोकांना पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी कळावं, म्हणून हा लेख.

सुरुवात सूर्यापासून करतो, कारण खिडकीतून घरात येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा तोच उचलतो. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की दुपारी विजेच्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच राहते. त्या दिवसापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे लोक ज्या दक्षिणेच्या खिडकीला घाबरतात, तिच्यात ऐन मे अखेरीला आणि जूनमध्ये दुपारचं थेट ऊन शिरतच नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे ४७ अंशांपर्यंत खाली उतरतो तेव्हा तिथून ऊन आत येतं, आणि त्या दिवसांत ते कुणाला नकोसं होत नाही. मार्चच्या विषुवदिनी दुपारी तो दक्षिणेला ७१ अंशांवर असतो. दोन फूट बाहेर आलेला छज्जा तेव्हा भिंतीवर पावणेसहा फूट सावली पाडतो. चार फुटी खिडकी पुरती झाकली जाते. दक्षिणेचा प्रश्न एका साध्या सिमेंटच्या फळीने सुटतो.

पश्चिमेचं तसं होत नाही. मेच्या मध्याला घड्याळात साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांवर असतो. तोच दोन फुटी छज्जा तेव्हा जेमतेम १७ इंच सावली देतो. साडेपाचला सूर्य २१ अंशांवर येतो आणि सावली साडेनऊ इंच उरते. खिडकीचा बाकीचा भाग उघड्या उन्हात. शिवाय आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आणि आपण ७३ अंशांवर, त्यामुळे ठाण्यात सूर्य मध्यावर येतो तोच साडेबाराच्या पुढे, आणि जूनमध्ये सूर्यास्त व्हायला सात वाजून जातात. कामावरून माणसं घरी येतात, मुलं शाळा-क्लास आटोपून हॉलमध्ये बसतात, त्याच वेळी हे तिरपं ऊन घरात असतं. पूर्वेलाही सकाळी असंच तिरपं ऊन येतं, पण तेव्हा भिंती रात्रभर निवलेल्या असतात, हवाही गार असते. पश्चिमेला ते दिवसभर तापलेल्या घरात येतं.

वडिलांनी केलेल्या खिडक्यांत या सगळ्याचा विचार होता. तो त्यांचा एकट्याचा नव्हता, त्या काळच्या कारागिरांचा सामायिक विचार होता. वर छज्जा. चौकटीत उभे गज. बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा, वरच्या भागात काचेची तावदानं, खालच्या भागात तिरप्या लाकडी पट्ट्या. लोकलच्या सेकंड क्लासच्या खिडकीला पट्ट्यांची झडप असते, पावसात ती खाली ओढली तरी वारा येत राहतो, तसंच ते काम. आणि खिडकीच्या वर, छताजवळ, दोरीने उघडायचं व्हेंटिलेटर. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. पश्चिमेच्या झडपा दुपारी ओढून घेतल्या की ऊन घराबाहेरच अडायचं आणि पट्ट्यांतून वारा चालू राहायचा. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेच्या जागी शिंपल्यांची पातळ तावदानं बसवत. त्यांतून उजेड गाळून येतो, डोळ्यांवर येत नाही. आपल्या हवेत घरात नुसता उजेड घेऊन चालत नाही, तो कसा घ्यायचा हेही ठरवावं लागतं, हे किनारपट्टीवरच्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

उंच इमारतीत हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी मुंबईत कंबाला हिलवर १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीचं उदाहरण देतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यापुढे तोच पेच होता : समुद्राचा वारा पश्चिमेकडून, आणि दुपारचं ऊन व पावसाचा मारा यांची दिशाही तीच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा, ती कल्पना त्यांनी उभ्या इमारतीत नेली आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या काढल्या. ती श्रीमंतांची घरं आहेत हे खरं. पण काच भिंतीच्या कडेवरून चार-पाच फूट आत घेणं हे नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटलाही करता येतं. बाल्कनी असते तेव्हा ते आपोआप झालेलं असतं. म्हणून बाल्कनी खोलीत घेऊन काच बाहेरच्या कडेला लावून द्या, असं कुणी सांगितलं की मला वाईट वाटतं. साठ-सत्तर फूट जागा मिळते, आणि घराच्या अंगावरची सावली जाते.

आता काचेकडे येऊ. घंटाळीजवळ एका नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावरच्या कुटुंबाने मला बोलावलं होतं. हॉलला पश्चिमेकडे आठ फूट रुंद, सात फूट उंच सरकता काचेचा दरवाजा, त्याच्यापुढे अरुंद पट्टी, वर सावली काहीच नाही. संध्याकाळी एसी लावूनही हॉल गार होत नव्हता. त्या घरातल्या काकूंना कुणीतरी सांगितलं होतं की डबल काच बसवा, उष्णता अडते. मी त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला, तो इथे देतो.

दरवाजात प्रत्यक्ष काच साधारण साडेचार चौरस मीटर. मेमध्ये संध्याकाळी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे ते सहाशे वॉट ऊन पडतं. साधी एकेरी पांढरी काच त्यातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते. सहाशे धरले तर झाले २१६० वॉट. दुसरी वाट म्हणजे बाहेरची गरम हवा काचेतून आत झिरपणं. बाहेर ३४ अंश आणि एसीच्या खोलीत २६ धरले तर फरक आठ अंशांचा, आणि एकेरी काचेतून त्याने येतात सुमारे २१० वॉट. म्हणजे ऊन हवेच्या दहापट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. त्याची दोन तृतीयांश ताकद या एका दरवाजातून येणाऱ्या ऊन-हवेच्या उष्णतेशी झगडण्यात खर्च होत होती.

साधी पांढरी डबल काच झिरपणारी उष्णता निम्मी करते, पण उन्हाची ७० टक्के उष्णता तिच्यातून तरीही आत येते. थंड देशांत बाहेर शून्य आणि आत वीस अंश असतात, तिथे तिचं महत्त्व फार. आपल्याकडे मुख्य शत्रू ऊन, आणि त्याच्यावर साध्या डबल काचेचा जोर थोडाच चालतो. उन्हासाठी हवी ती सोलर कंट्रोल काच. तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. सूर्याच्या उष्णतेचा जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो, तो हा थर परत फिरवतो आणि उजेड बऱ्यापैकी आत सोडतो. दुकानदाराला दोन आकडे विचारा. एक एसएचजीसी, म्हणजे उन्हातल्या उष्णतेचा किती भाग आत येतो. पश्चिमेला तो ०.३५ च्या आसपास किंवा खाली असावा. दुसरा व्हीएलटी, म्हणजे उजेडाचा किती भाग आत येतो. तो फार खाली गेला तर भर दुपारी दिवे लावावे लागतील. हे आकडे लेखी द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून काच घेऊ नका.

ब्राऊन किंवा हिरवी काच हा जुना उपाय आजही खपतो. रंगीत काच ऊन स्वतः पिते, तापते आणि त्यातली बरीच उष्णता खोलीतच सोडते; हिशेबात ती साठ टक्क्यांच्या घरात राहते. आरशासारखी काच दिवसा बाहेरच्याला आतलं दिसू देत नाही, पण रात्री दिवे लागल्यावर नेमकं उलटं होतं, आणि नौपाड्यातल्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की हे आधी सांगावंच लागतं. जुन्या काचेवर आतून फिल्म लावता येते, मात्र काच टफन (भट्टीत कणखर केलेली) नसेल तर गडद फिल्मने ती मधोमध तापते, कडा चौकटीत गार राहतात आणि ताणाने तडा जाऊ शकतो.

त्या कुटुंबाने अखेर दोन गोष्टी केल्या. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन बाहेरच्या पट्टीवर गुंडाळता येणारी चिक लावली, आणि सरकत्या दरवाजाची काच बदलली. क्रम मी मुद्दाम असा ठेवायला सांगितला होता. चिक बाहेर असली की थेट ऊन काचेला शिवतच नाही, उरतो तो आकाशाचा उजेड. तोच पडदा आत लावला तर ऊन काचेतून घरात आलेलं असतं आणि पडदा तापून खोलीलाच तापवतो. चिकेनंतर काकू म्हणाल्या, काच बदलायची घाई नव्हती. माझा धंदा काचेचा असला तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

ऊन अडलं की पुढचा प्रश्न वाऱ्याचा, आणि नव्या इमारतींत माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथे होते. ठाण्याची हवा उष्ण आणि दमट. घाम सुकायला वारा लागतो. भिंत कितीही गार असली तरी हवा हलली नाही तर जीव कासावीस होतो. एसीवर तारे देणाऱ्या केंद्र सरकारच्या बीईईने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यांचा उघडता येणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावा, असं तिच्यात आहे. म्हणजे एक षष्ठांश. कोरड्या उष्ण भागासाठी हेच प्रमाण दहा टक्के आहे. आपल्याला त्याहून बरंच जास्त उघडं लागतं, ते या दमटपणामुळे.

हिशेब घरी करून पाहा. बारा बाय दहाची बेडरूम, १२० चौरस फूट. तिला २० फूट उघडं हवं. पाच बाय चारची खिडकी मोजली तर बरोबर २० भरते आणि बिल्डरचा माणूस तीच दाखवतो. पण ती दोन पल्ल्यांची स्लायडिंग असते. एक पल्ला दुसऱ्यामागे जातो, उघडते अर्धीच. हातात दहा फूट. तीन पल्ले तीन ट्रॅकवर घेतले तर दोन तृतीयांश उघडतं. बिजागरीवर बाहेर उघडणारी, जिला आमच्या धंद्यात ओपनेबल म्हणतात, ती चौकटीची जाडी सोडून नव्वद टक्के उघडते. वडिलांची चार बाय चारची खिडकी आजच्या पाच बाय चारच्या स्लायडिंगपेक्षा जास्त वारा द्यायची, ती यामुळे.

मग सगळे स्लायडिंग का लावतात? ती स्वस्त पडते, जागा अडवत नाही, बाहेर ग्रिल असलं तरी चालते, आणि उंचावर वाऱ्याने पल्ला आपटण्याची भीती नसते. ही कारणं खोटी नाहीत. हॉलच्या मोठ्या दरवाजाला मीही स्लायडिंगच सुचवतो. बेडरूमला मात्र फ्रिक्शन बिजागरीची ओपनेबल घ्यावी. ती हव्या त्या कोनात थांबते, आपटत नाही. आणि खिडकीच्या वरची काच फिक्स असेल तर ती वरच्या बाजूने टांगलेली, खालून उघडणारी करून घ्यावी. हेच जुनं व्हेंटिलेटर. भुरभुर पाऊस असतानाही ते उघडं ठेवता येतं. डासांच्या जाळीचा ट्रॅक वेगळा मागा, जाळीशिवाय ठाण्यात रात्री खिडकी उघडी राहणारच नाही. जाळीने वारा थोडा कमी होतो, म्हणूनही उघडा भाग मोठा हवा.

वारा एका खिडकीने येत नाही. त्याला जायला दुसरी वाट लागते. नकाशावर पट्टी ठेवून पाहा : पश्चिमेकडून आलेला वारा हॉलमधून कुठून बाहेर पडतो? स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या अंगाला असेल तर घर वाहतं राहील. दोन्ही उघड्या जागा एकाच भिंतीत असतील तर दुपारी पंख्याखाली गरम हवाच फिरत राहते.

चौकटीबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम पावडर कोटिंगचं, भक्कम गेजचं असेल तर टिकतं. यूपीव्हीसी उष्णता कमी वाहून नेतं, त्याचे सांधेही घट्ट बंद होतात, फक्त आत स्टीलची पट्टी आहे का आणि ते कडक उन्हासाठी बनवलेलं आहे का हे विचारावं. दोन्हींतल्या फरकापेक्षा बसवणाऱ्याच्या हाताने जास्त फरक पडतो, आणि ते पावसात कळतं.

नैऋत्येचा पाऊस इथे आडवा येतो. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी साचणारच, ते बाहेर जायला खालच्या पट्टीला भोकं असतात. रंगकाम करणारे ती लांबीने बुजवतात आणि पाणी आत उलटतं. दर मे महिन्यात काडी घालून ती मोकळी करा, ट्रॅकमधली माती ब्रशने काढा. खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तुटायला खाच हवी. चौकट आणि भिंत यांच्या फटीत सिलिकॉन भरतात ते काही वर्षांनी सुटतं. गळती दिसली की पुष्कळ जण काच बदलायला निघतात, पण दोष बहुतेक वेळा या तीन जागांतच असतो.

काचेच्या दरवाजाच्या बाबतीत एका गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही. जमिनीपर्यंतची काच टफनच हवी. ती साध्या काचेच्या चार-पाचपट मजबूत असते आणि फुटली तर बोथट बारीक तुकडे होतात. साध्या काचेची सुऱ्यासारखी पाती निघतात. पळत येणारं मूल काच उघडी समजून धडकतं. खरी टफन काच असेल तर कोपऱ्यात कायमचा छाप असतो, आयएस २५५३ हे त्याचं भारतीय मानक. भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही, म्हणून "साइटवर कापून देतो" असं कुणी म्हणाला तर ती टफन नव्हे. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी पट्टी चिकटवा. उंचावर जिथे फुटलेले तुकडे खाली रस्त्यावर पडतील तिथे लॅमिनेटेड घ्यावी, दोन काचांमधला चिकट थर तुकडे धरून ठेवतो. गोखले रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना हॉर्नचा त्रास असतो, त्यासाठीही लॅमिनेटेड उपयोगी, मात्र पल्ल्यांच्या फटी बंद असल्या तरच. आवाज सर्वांत आधी फटीतून येतो. ग्रिल लावाल तर त्यात आतून उघडणारा झरोका ठेवा, आग लागली तर ती बाहेर पडायची वाट असते.

नौपाड्यातल्या ज्या सोसायट्या आज पुनर्विकासाच्या बोलणीत आहेत त्यांच्यासाठी एवढं सांगायचं आहे. करारातल्या सुविधांच्या यादीत खिडक्यांसाठी साधारण एक ओळ असते, "चांगल्या प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग खिडक्या" अशी. ती एक ओळ स्वीकारू नका. प्रत्येक खोलीचा उघडता येणारा भाग किती चौरस फूट, हे लिहून घ्या. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खिडक्यांवर छज्जा किती, आणि बाहेर चिक किंवा सरकती पट्ट्यांची झडप लावायला सर्व सभासदांना एकाच नमुन्याची परवानगी आहे का, हेही. पश्चिमेच्या काचेचे दोन्ही आकडे, जमिनीपर्यंतच्या काचेचं मानक, जाळीचा ट्रॅक. नकाशे महापालिकेत मंजुरीला जाण्याआधी हे विचारायचं असतं, कारण छज्जा आणि खिडकीचं तोंड तिथेच ठरतं. काच पुढे कधीही बदलता येते. खालच्या मजल्यांना शेजारच्या इमारतीची सावली मिळते, दहाव्या मजल्याला मिळत नाही, तेव्हा वरच्यांनी हा आग्रह जास्त धरावा. सभेत नकाशा टेबलावर पसरून हे समजावून सांगायला मी गेलो आहे, यापुढेही जाईन. नौपाड्यात त्याचे पैसे मी घेत नाही.